आजीवर चार पानं लिहायचीत, पण लिहू काय?

पत्राचा सारांश (नाव, गाव आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय)

पत्र लिहिणारा तिशीतला, पुण्यात आयटीत नोकरी, मूळ गाव गुहागर तालुक्यात. आजी गेल्या श्रावणात वारली, वय साधारण ८७. आजोबा आहेत, एक्याण्णवचे, गावीच असतात, फार बोलत नाहीत. ते १९५५ च्या सुमारास मुंबईला गिरणीत लागले आणि ८२ च्या संपानंतर कायमचे गावी आले. आजी मात्र लग्न झाल्यापासून गावीच. आता दोन महिन्यांवर वर्षश्राद्ध आलंय आणि काकांनी फर्मान काढलंय की तू लिहायला बरा आहेस, चार पानी पुस्तिका काढ, आलेल्या मंडळींना वाटू. सुरुवातही त्यांनीच करून दिलीय: 'पतीला आयुष्यभर सावलीसारखी साथ देणारी, कधी ब्र न काढणारी, साक्षात अन्नपूर्णा'. बहीण म्हणते असलं छापणार असाल तर माझं नाव खाली घालू नका, त्या बाईचं आयुष्य चुलीपुढे वाया गेलं आणि तुम्ही ते गोड करून वाटताय. त्यात आत्याने तेराव्याला सांगितलं की आजी एकदा चार वर्षांच्या बाबांना घेऊन माहेरी निघून गेली होती, अख्खा पावसाळा आली नाही, त्या वर्षी अर्धी शेतं पड राहिली. काका म्हणतात तो विषय काढायचा नाही. पत्रलेखक लिहितो, "खरं सांगायचं तर तिच्या आयुष्यात लिहिण्यासारखं काही घडलंच नाही, घर आणि आम्ही नातवंडं, एवढंच. तिची ट्रंक उघडली तर मनिऑर्डरच्या चिठ्ठ्या आणि जुनी कालनिर्णयं सोडून काही नाही. खोटं लिहू की काकांशी भांडू?" शिवाय नावाआधी 'कै. सौ.' लावायचं की नाही यावरूनही घरात दोन तट आहेत.

उत्तर

वयाने मुलासारखा आहेस म्हणून अरे-तुरे करतेय, राग मानू नकोस. काकांच्या वाक्याकडे येऊच, पण आधी तुझं वाक्य घेते, लिहिण्यासारखं काही घडलंच नाही हे. कारण त्याच्या आधीच्या दहा ओळीत तूच मला जे सांगितलंयस ते जरा सालाप्रमाणे लावून बघ. आजोबा ५५ ला मुंबईला गेले, ८२ ला परत आले. म्हणजे सत्तावीस वर्षं नवरा बायको एका घरात नव्हते, गणपती, शिमगा आणि मे महिन्यातले काही दिवस सोडले तर. आणि या सत्तावीस वर्षांत गावच्या घरात तीन मुलं वाढली, भातशेती झाली, गुरं सांभाळली गेली, सासू-सासऱ्यांची दुखणी निघाली असणार. हे सगळं कोण करत होतं? मग काका 'सावलीसारखी साथ' म्हणतात ते कुठल्या हिशोबाने? सावली माणसाच्या पायाशी असते, इथे माणूस लालबाग-परळला आणि ती गुहागरला. वाक्य गोड आहे म्हणून नको असं मी म्हणत नाहीये, ते तुमच्या घरापुरतं सरळसरळ चूक आहे. ते शेजारच्या आजीच्या पुस्तिकेतही छापता येईल, नाव बदललं की झालं.

आता तू म्हणशील शेती आणि गुरं तर कोकणात सगळ्याच बायका करायच्या. बरोबर. म्हणूनच तर कुणाला दिसत नाही. मोटार अपघाताच्या भरपाईच्या एका खटल्यात २०१० साली सुप्रीम कोर्टाला हे बोलून दाखवावं लागलं होतं की आपल्या जनगणनेत घर सांभाळणाऱ्या बायकांना 'काम न करणारे' या गटात भिकारी आणि कैद्यांच्या पंगतीला बसवलंय. आणि तुझ्या आजोबांचंच उदाहरण घे. गिरणीतले बरेचसे एकटे पुरुष खानावळीत जेवायचे, ते पण तसेच जेवले असतील. गिरणगावातल्या त्या खानावळवाल्या बायकांना एकत्र करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं, त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, म्हणजे लालबागला शिजवलेला डाळभात हा धंदा होता, त्याला हिशोब होता, भांडवल होतं. तोच डाळभात गुहागरला शिजला की ते 'घरच सांभाळलं'. वर अन्नपूर्णा ही पदवी फुकट.

तेव्हा पहिलं काम म्हणजे विशेषणं सगळी काढून टाक. कष्टाळू, प्रेमळ, सोशिक, मायेचा सागर, सगळी. त्याजागी ती काय करायची ते लिही, आणि बारीक लिही. मी तुझ्या घरी कधी आलेली नाही पण एक नमुना देते. मे महिना, रातांबे आलेत. ते धुवायचे, फोडायचे, बिया आणि गर वेगळा काढून त्याला मीठ लावून रस सुटायला ठेवायचा, सालं खळ्यात उन्हात टाकायची, संध्याकाळी गोळा करून त्या रसात बुडवायची, दुसऱ्या दिवशी परत उन्हात, परत रसात, अशी पुटं देत देत ती काळी आणि लवचिक होईपर्यंत. मध्येच आभाळ भरून आलं की हातातलं टाकून पळायचं. हे चालू असताना बाजूला फणसाची साठं वाळतायत, आठळ्या मातीत घालून ठेवायच्यात, पोह्याचे पापड, मिरच्या, सुकी मासळी डब्यात भरायची, सरपण पडवीत आणायचं, शेणी रचायच्या, आणि हे सगळं मृगाच्या आधी, कारण नंतर चार महिने दुकान, रस्ता, बोट कशाचाच भरवसा नाही. चुलीपुढे वाया गेलं म्हणणाऱ्या तुझ्या बहिणीला विचार, पाच-सहा माणसांची चार महिन्यांची बेगमी डोक्यात ठेवून कुठल्याही कागदाशिवाय करून दाखवणाऱ्याला तिच्या ऑफिसात काय पगार देतील.

पण बहिणीचं म्हणणं उडवून लावू नकोस हां. तिच्या रागात तथ्य आहे. आपल्याकडे गेलेल्या बाईला देवी केलं की जिवंत बायकांकडून तेवढंच काम करून घ्यायला आपण मोकळे, हे तिला दिसतंय आणि ते काकांना दिसत नाही. माझी शंका एवढीच आहे की 'वाया गेलं' हा निकाल तिने आजीला विचारून दिलाय का? काकांनी आजीला न विचारता तिला सुखी ठरवलं, बहिणीने न विचारता दुःखी ठरवलं. तिला शिकायचं होतं का, मुंबईला जायचं होतं का, की सासऱ्याच्या नजरेआड सगळा कारभार आपल्या हातात असण्यात तिला मजा वाटत होती, यातलं तुम्हाला कुणाला काय माहितीये? कदाचित सगळंच थोडं थोडं असेल. ज्या गोष्टी माहीत नाहीत तिथे मत न घालता तेवढी जागा रिकामी सोडता येते. आणि बहिणीला सांग, तू तुझा परिच्छेद वेगळा लिही, खाली तुझं नाव घाल. चार पानांत एकच आवाज असला पाहिजे हे कुणी ठरवलं? काकांना अन्नपूर्णा म्हणायचंय ना, म्हणू दे, पण त्यांच्या नावाने म्हणू दे, आणि त्यांना एक अट घाल की लहानपणी आईच्या हातचं काय खाल्लं, कधी मार खाल्ला, शाळेची फी कुठून आली, असं एक तरी प्रत्यक्ष घडलेलं लिहा.

आता ती ट्रंक. तुझं ते 'सोडून काही नाही' वाचून मला तुझे कान धरावेसे वाटले. अरे, मनिऑर्डरच्या फॉर्मला खाली एक कुपन असायचं, पैसे मिळाले की ते घेणाऱ्याकडे राहायचं आणि पाठवणाऱ्याला त्यावर दोन ओळी लिहिता यायच्या. म्हणजे तुझ्या हातात आहेत त्या तुझ्या आजोबांनी तुझ्या आजीला लिहिलेल्या ओळी आहेत, तारखेसकट, रकमेसकट, आणि तिने त्या फेकल्या नाहीत. प्रत्येकीचा फोटो काढ आणि तारखेप्रमाणे लाव. कुठल्या महिन्यात पैसे कमी आले, कधी आलेच नाहीत, मजकूर कधी नुसता 'सर्व क्षेम' आणि कधी त्याहून जास्त, हे बघ. कालनिर्णय निघालं १९७३ ला, म्हणजे ती कॅलेंडरं त्यानंतरची. पानापानाने बघ. आपल्याकडच्या बायकांची डायरी तीच. दूध, गाय फळल्याची तारीख, कोणाचे उसने पैसे, सिलेंडर, पाळी, कुणाचं बारसं. लिहिता येत नसेल तर चौकटीत फुल्या, गोल, रेघा असतील, त्यांचा अर्थ आत्याला लागेल. यातली एक कुपनाची आणि एक कॅलेंडरच्या पानाची झेरॉक्स पुस्तिकेत आली तर अर्धी पुस्तिका तिथेच झाली असं समज. अर्थात कुपन छापायच्या आधी आजोबांना विचारायचं, ते पत्र त्यांचं आहे.

आजोबांकडे येऊ. फार बोलत नाहीत असं तू लिहिलंयस, पण त्यांना विचारलं काय ते लिहिलं नाहीस. 'आजी कशी होती?' असं विचारलंस तर एक्याण्णवचा कोकणी माणूस काय सांगणार, 'बरी होती' म्हणेल आणि तंबाखू मळायला घेईल. त्यांना त्यांच्या बाजूने विचार. बोटीने यायचात तेव्हा दाभोळला उतरून पुढे कसे यायचात, पावसाळ्यात बोट बंद असायची मग गणपतीला कसे पोचायचात, न्यायला कोण यायचं, पत्र स्वतः लिहायचात की कोणाकडून लिहून घ्यायचात, आल्या आल्या ती पहिलं काय द्यायची. बोट आली की बाई मागोमाग येतेच. आणि एक प्रश्न जपून, शेवटी. १८ जानेवारी ८२ ला संप सुरू झाला, तो रीतसर कधी मागे घेतलाच गेला नाही, हळूहळू लोक गावी परतले. तुझे आजोबा कायमचे घरी आले तेव्हा लग्नाला पंचवीसच्या वर वर्षं झालेली आणि ते दोघं पहिल्यांदा बारा महिने एका छपराखाली आले. तोवर ते घर चालवायची तिची एक पद्धत बसलेली असणार. नोकरी गेलेला नवरा ओटीवर येऊन बसला, त्याला परत उभं करायला तिने काय केलं किंवा दोघांची किती जुंपली, हे त्यांच्याशिवाय आता कोणी सांगू शकणार नाही. मला विचारशील तर 'पत्नी' म्हणून तिच्यावर लिहायचं असेल तर ते ८२ नंतरचं लिही. नाही बोलले तर सोडून दे, म्हाताऱ्या माणसाला मुलाखतीसारखं उभं-आडवं घ्यायचं नाही, त्याचंही माणूस गेलंय.

साल आठवत नाही ही सगळ्यांची अडचण असते. आजीच्या आधारवर बहुतेक १ जानेवारी किंवा १ जून असेल, आपल्या गावांत निम्म्या म्हाताऱ्या त्याच दिवशी जन्मल्यात. तेव्हा 'कुठल्या साली' असं विचारू नकोस, कोयनेचा भूकंप झाला तेव्हा घरात कोण कोण होतं असं विचार. तो ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटेचा, तुमच्या भागात लोक घराबाहेर पळाले होते, ज्याचं त्याचं त्या पहाटेचं काहीतरी आठवतंच. मग एन्रॉनच्या वीज प्रकल्पाचं काम आलं तेव्हा, कोकण रेल्वे सुरू झाली तेव्हा, ९८ ला, निसर्ग वादळात २०२० ला कुठली कलमं पडली. अशा खुंट्या मिळाल्या की आठवणी आपोआप त्यांना टांगल्या जातात. आत्याला फोन लावून 'हं सांग आता' म्हणू नकोस, ती नारळ खवत असताना फोन बाजूला रेकॉर्डिंगला लाव. हात कामात असले की बायका बोलतात. आणि फक्त घरच्यांना विचारू नकोस. लावणीला ज्या बायका एकमेकींकडे जायच्या त्यातल्या एखाद-दोन असतील अजून, आजीचं तोंड किती चालायचं, ती चेष्टा काय करायची, कुणाशी तिचं पटायचं नाही, हे त्याच सांगतील, मुलांना आईचा हा भाग माहीतच नसतो.

आता अवघड जागा, तो माहेरचा पावसाळा. काका म्हणतात विषय काढायचा नाही, तुला वाटतं लपवणं म्हणजे खोटेपणा. मी दोघांच्या मध्ये आहे, आणि का ते सांगते. ती का गेली हे तुम्हाला माहीत नाही. भांडण होतं, दुखणं होतं, माहेरी कोणाची अडचण होती, आत्या तेव्हा दहा वर्षांच्या आतबाहेर असेल, तिलाही अर्धवटच माहीत असणार. अर्धवट माहितीवर दोनशे लोकांच्या हातात कागद द्यायचा आणि आजोबांनी आपल्याच ओटीवर मान खाली घालून बसायचं, हे मला बरं वाटत नाही. आजीलाही ते रुचलं असतं असं वाटत नाही, तिने स्वतः तुम्हा नातवंडांना कधी सांगितलं नाही ना. पण म्हणून 'कधी ब्र न काढणारी' छापायचं? छे. खरं सगळंच छापलं पाहिजे असं नाही, खोटं मात्र छापायचं नाही, एवढी रेघ काकांपुढे आख, त्यांना ती पटेल. ते चार शब्द काढले तर भांडणाचं कारणच उरत नाही.

आणि एक बघ. कारण बाजूला ठेव, पण ती एक पावसाळा नव्हती तर अर्धी शेतं पड राहिली, हे आत्याने साठ वर्षांनी सुद्धा लक्षात ठेवलंय. घरात बाकीची माणसं होती की. त्या वर्षी लावणी कोणी केली, पुढच्या वर्षी तांदूळ कुठून आणला, मुंबईला आजोबांना कळवलं कोणी, ती परत आली तेव्हा कोण आणायला गेलं, हे आत्याला विचार आणि लिहून ठेव. पुस्तिकेत जाणार नाही, घरच्या वहीत जाईल.

हो, वही. मी तुला दोन गोष्टी करायला सांगतेय. छापायचं ते थोडं, चार पानं, दोन महिन्यांत होणारं: ती काय करायची, आजोबांच्या दोन आठवणी, मुलांचा आणि बहिणीचा एकेक परिच्छेद, कुपन, फोटो. आणि दुसरी एक साधी फुलस्केप वही, जिच्यात सगळं जाईल, माहेरचा पावसाळा सुद्धा, आमसुलाला मीठ किती ते सुद्धा, मापटं आणि चिमूट अशाच मापात, ग्रॅममध्ये करत बसू नका. तिची घाई नाही. श्रावण संपला की गणपती, सगळे चाकरमानी घरी येणार, रात्री भजनं आटोपल्यावर माजघरात वही फिरू दे. मग पितृपक्षात अविधवा नवमी येते, नवरा हयात असताना गेलेल्या बाईचं श्राद्ध त्या दिवशी करतात, म्हणजे तुमच्याकडेही करतील. वर्षश्राद्धाला भटजी, पंगत, एसटीची वेळ यात कोणाचं लक्ष नसतं. नवमीला घरचीच माणसं, तेव्हा वहीतली पानं वाचा. जेवण त्या दिवशी पुरुषांनी करावं असं मी सुचवीन, काकांनी सुद्धा, तुझ्या बहिणीचा राग निम्मा तिथेच उतरेल.

फोटोचं सांगायचं राहिलं. तिचा एकटीचा चांगला फोटो नसणार, कोणाच्या तरी लग्नातला कापून मोठा केलेला असेल, मागे कुणाचा तरी खांदा. तो कापू नका, अख्खा छापा आणि सगळ्यांची नावं लिहा, ती ज्यांच्यात जगली ती माणसं दिसू देत. सगळ्या गणपतीच्या फोटोत ती नसेल तर तेही लिहा, ती आत मोदक वळत होती म्हणून.

ज्यांची आजी अजून आहे आणि हे वाचतायत त्यांनी वर आजोबांसाठी सांगितलेले प्रश्न आजच आजीला विचारावेत, श्राद्धाची वाट कशाला बघायची. ज्यांना आजी फारशी लाभलीच नाही त्यांनी उगाच आठवणी बनवू नयेत, दुसऱ्यांच्या गोळा कराव्यात आणि कोणी सांगितलं ते खाली लिहावं.

राहता राहिलं 'कै. सौ.'. यावर भांडू नका. आजोबांना विचारा आणि ते म्हणतील तसं करा, गावात अजून लोक अहेव, म्हणजे नवरा हयात असताना, गेली तर भाग्याची असं म्हणतात आणि एक्याण्णवच्या माणसाला त्यात बरं वाटत असेल तर ते दोन शब्द राहू देत. पण खाली तिचं माहेरचं नाव आलंच पाहिजे, बापाच्या नावासकट आणि आईच्याही. सरकारने आता १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदपत्रांत आईचं नाव घालणं सक्तीचं केलंय, आपण चार पानांत ते आपणहून घालू शकतो. तुझ्या आजीचं नाव लग्नात ताटातल्या तांदळावर लिहून बदललेलं असणार, आधीचं काय होतं ते तुला माहितीये का? पत्रात तरी कुठे दिसलं नाही. नसेल माहीत तर आत्याला पहिला फोन त्यासाठी कर, आणि आजीच्या माहेरी आता कोण आहे तेही विचारून घे. भाच्या, भावजया कोणी असतील तर त्यांना वर्षश्राद्धाचं बोलावणं जाऊ दे, आपल्याकडे बाई गेली की माहेरची वाट बंदच होते. येणं जमलं नाही तर पुस्तिका पोस्टाने पाठव, जरा आधीच टाक, पावसात टपाल उशिरा पोचतं.